पाटी धरून काढलेले फोटो

दुसऱ्याचं मन कसं सावरायचं हे तीन दिवसांत शिकता येतं, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं. प्रशिक्षण संभाजीनगरच्या एका हॉटेलात होतं. पहिल्या दिवशी आम्ही डोळे मिटून बसलो, दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून बसलो आणि तिसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रमाणपत्र मिळालं. त्याआधी तेवीस वर्षं मी कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स होते. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, विंचू उतरवले, सासूनं कोंडलेल्या सुनांची दारं ठोठावली. पण ते मनाचं काम आहे असं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याचा कागद माझ्याकडे नाही.

गुडघ्यांनी जवाब दिला तशी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जालन्याला राहायला आले. चार महिने टीव्ही बघितला. त्यातल्या बायका दिवसभर रडतात आणि कुणी त्यांना दवाखान्यात नेत नाही, हे बघवेना. तेवढ्यात एका संस्थेला स्थानिक, अनुभवी आणि दखनी बोलणारी बाई हवी असल्याचं कळलं. अंबड तालुक्यात वाढलेल्या माणसाला दखनी वेगळी शिकावी लागत नाही. मी गेले.

काम रोहिंग्यांमध्ये होतं. जालन्यात रोहिंग्या कुठून आले, असं मलाही वाटलं होतं. म्यानमारमधून जीव घेऊन निघालेली ही माणसं बांगलादेशातून हैदराबादला आली, तिथं दहा-बारा वर्षं राहिली, आणि त्यातली अकरा कुटुंबं एका ठेकेदारानं भंगार निवडायला जालन्याला आणली. इथं लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या आहेत. भट्टीला भंगार लागतं आणि भंगाराला हात लागतात. हात कुठले आहेत हे भट्टी विचारत नाही. गोदामाच्या मागच्या पडीक वावरात त्यांच्या ताडपत्रीच्या अकरा खोल्या होत्या. प्रत्येक घरात निर्वासित असल्याचं कार्ड तीन-तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलं. माझं माहेर वडीगोद्री. आमच्याकडे जालन्याला जायचं तरी माणसं आदल्या दिवशी दशम्या बांधायची. या बायका दोन देश ओलांडून आल्या होत्या आणि आता त्यांचं मन बरं आहे का, हे मी विचारणार होते.

प्रकल्पाच्या प्रमुख पुण्याच्या होत्या. वय तिशीचं, खादीचा कुर्ता, आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला आपणच आजारी आहोत असं वाटावं. बाई वाईट नव्हती. तिला फक्त माणसांपेक्षा माणसांसाठी केलेल्या गोष्टी जास्त आवडायच्या. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला ताई.

"ताई, आपण सल्ला द्यायचा नाही. आपण फक्त त्यांच्यासाठी जागा धरायची."

"एसटीत रुमाल टाकून धरतात तशी?"

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

पहिलं साधन होतं चेहऱ्यांची कार्डं. पाच गोल पिवळे चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, त्या चेहऱ्यावर बाईनं बोट ठेवायचं आणि मी फॉर्मवर नाव लिहून चौकट भरायची. पहिल्या खोलीतल्या बाईनं कार्डांकडे बघितलं, माझ्या पेनाकडे बघितलं आणि विचारलं, "आपा, कौनसा उठाना है?"

"जैसा लगता वैसा."

"हौ, मगर होना कौनसा?" म्हणजे तुला कुठला हवाय.

मग तिनं स्वतःच ठरवलं आणि सगळ्यात हसरा उचलला. पुढच्या दहा खोल्यांत तोच. अकरा खोल्या, अकरा हसरे. भंगारातल्या पत्र्यानं कापलेले हात, पावसात भिजलेली गोधडी, पोलीस पडताळणीची टांगती तलवार, आणि वर अकरा हसरे चेहरे. महाराष्ट्रात एवढी सुखी वस्ती मी दुसरी पाहिली नाही. मॅडमनी पहिल्या अहवालात लिहिलं की समुदायात 'विलक्षण लवचिकता' आढळली.

तिसऱ्या खोलीत एक सून होती. विशीतली. आम्ही कामाला लागलो तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. ती ताडपत्रीकडे तोंड करून पडलेली असायची. पहिले चाळीस दिवस आम्हाला काही वाटलं नाही, कारण त्यांच्यात बाळंतीण चाळीस दिवस उठत नाही. आपल्याकडेही सव्वा महिना असतोच. पण चाळीस दिवस झाले, पन्नास झाले, तरी ती भिंत सोडेना. बाळ सासूच्या मांडीवर, तोंडात बाटली. सून जेवायची नाही, बोलायची नाही, बाळ रडलं तरी मान वळवायची नाही. मी नर्स आहे. पोट फुगलेलं आणि मन बसलेलं, दोन्ही मला लांबून दिसतं.

कार्डं घेऊन गेले तेव्हा सासूनं सुनेचा हात मनगटाला धरून उचलला आणि हसऱ्या चेहऱ्यावर ठेवला. हात तिथून घसरून गोधडीवर पडला.

"सुस्त है," सासू म्हणाली. गालात पान होतं. "अच्छी है."

मी चौकट भरली. चौकट हसऱ्या चेहऱ्याची होती आणि बोट तिथं टेकलं होतं. तेवीस वर्षं सरकारी रजिस्टर भरल्यावर माणसाचा हात आपोआप चालतो, हे खरं, पण ते काही कारण नव्हे.

संध्याकाळी मॅडमना म्हटलं, "तिसऱ्या घरातल्या सुनेला सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. बाळंतपणानंतरचं आहे. साधं नाही."

मॅडमनी लॅपटॉपवर बघितलं. "पण ताई, तिचा स्कोअर पाचपैकी पाच आहे. रेफर करायचं तर स्कोअर दोनच्या खाली हवा."

"बोट सासूनं ठेवलं."

"मग पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ आपण. सासू नसताना."

मी तिच्या नवऱ्याशी बोलले. तो लोखंडाच्या ढिगावर उभा होता. दवाखाना म्हटल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला, तिथं नाव लिहितात का. लिहितात म्हटल्यावर "देखते" म्हणाला आणि पुन्हा तारा ओढायला लागला. "देखते" म्हणजे काय हे मला समजतं. आमच्या गावचे लोक नसबंदीच्या वेळी हेच म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात संस्थेला पैसे देणाऱ्यांनी फोटो मागितले. मॅडमना कल्पना सुचली. प्रत्येक कुटुंबानं घरासमोर उभं राहून हातात पाटी धरायची आणि पाटीवर आपली भावना. पाट्या मीच आणल्या, बाजारातून, अकरा, लाकडी चौकटीच्या. कुणाला मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून भावना मॅडमनीच लिहिल्या. आनंद, आशा, विश्वास, उमेद. भावना संपल्या तेव्हा पुन्हा आनंद. फोटो एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कोपऱ्यात घराचा नंबर टाकला. तो नंबर टाकायची सूचना माझी.

शाळेच्या फोटोला मुलं उभी करायला अर्धा तास लागतो, हे कुणालाही माहीत आहे. इथं दोन मिनिटं लागली. कुणी सांगितलं नाही तरी उंच माणसं मागं, मुलं पुढं, हात अंगाला चिकटलेले. बायकांनी ओढण्या कानांच्या मागं सारल्या, दोन्ही कान दिसतील अशा. कुणी हसलं नाही, कुणी डोळे मिटले नाहीत. चार वर्षांची पोरगीसुद्धा श्वास धरून उभी. तिसऱ्या घरातल्या सुनेला नवरा आणि सासू यांनी दोन्हीकडून उचलून आणलं आणि मध्ये टेकवलं. पाटीवर होतं, '३, शांती'.

"किती सहज आहेत ना कॅमेऱ्यासमोर," मॅडम म्हणाल्या.

मला ते कान खटकले. पण ऊन होतं, गुडघे दुखत होते, आणि काम आटपत होतं. आटपणाऱ्या कामात मी सहसा खोड काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेले तर चार खोल्या नव्हत्या. नुसती माणसं गेली होती असं नाही, खोल्याच नव्हत्या. ताडपत्री, बांबू, चूल, सगळं गेलेलं. जमिनीत खुंट्यांची भोकं. बाकीच्या घरांपुढं बोचकी बांधणं चाललं होतं. तिसऱ्या घरापुढं सासू भांडी पोत्यात भरत होती.

"क्या हुआ?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या मूर्ख डॉक्टरकडे बघते. मग पोत्यावर बसून पानाला चुना लावत तिनं सांगितलं. तिकडे म्यानमारमधल्या त्यांच्या गावात दरवर्षी लष्कराचे शिपाई यायचे. घराची यादी असायची. घरातल्या सगळ्यांनी दारात उभं राहायचं, कान उघडे ठेवायचे, हातात पाटी धरायची, पाटीवर घराचा नंबर. फोटो निघायचा. जो फोटोत नाही त्याचं नाव यादीतून खोडलं जायचं. कुणी बाजारात गेलेलं असो, कुणी दुसऱ्या गावी लेकीकडे गेलेलं असो, खोडलं की खोडलं, मग त्यानं घरी यायचं नाही. आणि शेवटच्या वर्षी जे आले, ते त्या फोटोंवर बोट ठेवून पुरुष शोधत आले.

"तुम भी वोच करे, आपा."

बाजूला पाटी पडली होती. तिनं ती पायानं सरकवली.

"वहाँ तो खाली नंबर रहता था. तुम लोगां ये उपर क्या लिखे?"

"शांती."

"मतलब?"

मी अर्थ सांगितला. ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली, पानाची पिंक सावरत. मग शेजारणीला हाक मारून तिच्या पाटीवर काय आहे ते मला वाचायला लावलं. तिच्यावर 'विश्वास' होता. शेजारीणही हसली आणि बोचकं बांधत राहिली.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, फोटो सगळीकडून काढून टाका, आत्ता, ज्यांना पाठवले त्यांनाही सांगा. त्या म्हणाल्या, "पण आपण संमतीपत्रावर अंगठे घेतले होते ना, ताई?"

"त्यांनी अंगठे दिले, कारण अंगठा मागणाऱ्याला नाही म्हटल्यावर काय होतं ते त्यांनी बघितलंय."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "आपण दुपारी त्यांच्यासाठी हीलिंग सर्कल घेऊ या का?"

"दुपारी सर्कल करायला तुम्ही आणि मी दोघीच उरू."

मॅडमनी फोटो काढून टाकले. तेवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

एवढ्यात भंगाराचा टेम्पो आला. चालक धावडा गावचा, चाळिशीतला, तोंडात कायम बडीशेप. सुनेच्या नवऱ्यानं त्याला स्टेशनापर्यंत सोडायला सांगितलं होतं. नवरा सुनेला गोधडीसकट उचलून मागच्या फाळक्यावर ठेवायला लागला. तिची मान मागं लोंबली. बाळ पोत्यांच्या मधे.

मी टेम्पोच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"ओ ताई," चालक म्हणाला, "मला बारा वाजता माल उतरायचाय. जायचं का न्हाई तेवढं जल्दी सांगा."

"जायचंय. पण सिव्हिलवरून."

"मंग तसं सांगा की. म्या काय विमान चालवून राह्यलो का, कुठूनबी नेतो."

नवरा पुढं आला. "वहाँ नाम लिखते."

"लिखते."

"बाद में मिट जाता?"

"नाही," मी म्हटलं. "नै मिटता. रजिस्टर में रहता."

खोटं बोलता आलं असतं. मी आयुष्यभर रजिस्टरं भरली आणि त्यातलं एकही पुन्हा कुणी उघडलेलं मला माहीत नाही, पण हे त्याला पटलं नसतं. त्याच्या देशात रजिस्टरं उघडत होती. म्हणून मी जे माहीत होतं तेच सांगितलं. म्हटलं, अशा अवस्थेतल्या दोन बायका मी विहिरीतून काढलेल्या बघितल्यात. दोघींच्या घरचे म्हणत होते की सुस्त आहे, बरी होईल. हिला असं गाडीत घालून नेलंस तर तिकडे काय उतरवशील ते मी सांगू शकत नाही. नाव लिहिलं तर काय होईल तेही सांगू शकत नाही. त्यातलं काय घ्यायचं ते तू बघ.

चालकानं इंजिन बंद केलं, ते डिझेल वाचवायला असेल.

मग सासू बोलली. माझ्याकडे बघून, मुलाकडे नाही. "आठ दिन से मैं इस की ओढ़नी मेरे हाथ कू बांध के सोती. उठी तो मालूम पड़ना करके."

"और वो हँसता चेहरा? उस पे हाथ तुमीच रखे ना?"

"तुम कू वोच होना था," ती म्हणाली. "तुम्हारा पेन उसीच पे था."

यावर प्रशिक्षणात काही शिकवलेलं नव्हतं.

तिनं मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. मला शब्द कळले नाहीत, पण आई मुलाला 'चढ गाडीत' कशी म्हणते ते कुठल्याही भाषेत एकच असतं. तो चढला.

सिव्हिलमध्ये केस पेपरच्या खिडकीवर रांग होती. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग सांगितलं. वय सांगितलं. "गाव?" त्यानं एक नाव उच्चारलं, जे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

"तालुका?" कारकून म्हणाला. "भोकरदन का अंबड?"

मागून टेम्पोचा चालक, जो कधी आत आला होता देव जाणे, म्हणाला, "साहेब, लई लांबचंय ते. राहून राह्यलेत इथंच, गोदामाच्या मागं. जालना लिहा."

कारकुनानं जालना लिहिलं.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले. त्यांच्याकडे चेहऱ्यांची कार्डं नव्हती. त्यांनी झोपेचं विचारलं, खाण्याचं विचारलं, बाळाचं विचारलं. मग सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का. मी ते दखनीत विचारलं, जसंच्या तसं, गोड न करता.

"हौ," सून म्हणाली.

दोन महिन्यांत तिचा मी ऐकलेला पहिला शब्द. सासूनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, आज घरी जायचं नाही, भरती करा, एक माणूस चोवीस तास जवळ पाहिजे.

"है ना," सासू म्हणाली आणि खाटेजवळ खाली बसली.

नऊ दिवस ती तिथं बसली. नवरा बाहेर लिंबाखाली. चालक पहिल्या दिवशी तीनला गेला. जाताना म्हणाला, "ठेकेदार आता मलाच भंगारात काढतंय बघा." पुन्हा दोनदा उगीच येऊन गेला. चौथ्या दिवशी मॅडम आल्या. पिशवी नाही, कार्डं नाहीत. स्टुलावर बसल्या आणि दहा मिनिटं काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही. त्यांची सगळ्यात चांगली भेट तीच, असं माझं मत आहे. सासूनं त्यांना पान दिलं. चुन्यानं तोंड आलं तरी त्यांनी ते खाल्लं.

आठवडा संपेपर्यंत अकरातली तीन घरं उरली. शेवटच्या अहवालात मॅडमनी लिहिलं की लाभार्थ्यांनी स्वेच्छेनं स्थलांतर केलं. मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही. घरं आमच्या फोटोंमुळे गेली, हे लिहा. बरीच वादावादी झाली. अखेर 'उपक्रमातील एका त्रुटीमुळे' एवढं आलं. मी सही केली. त्यात आणखी एक ओळ घालायला लावली. ज्या बाईनं हसरा चेहरा दाखवला ती जगायला नको म्हणत होती, आणि ती चौकट मी भरली होती. ती ओळ पुढं छापली गेली का, मला माहीत नाही. अहवाल कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दवाखान्यातून सोडल्यावर ते कुटुंब हैदराबादला गेलं. गोळ्या दिल्या होत्या, तिथल्या दवाखान्यासाठी कागद दिला होता. तो कागद नवऱ्यानं कार्डाच्याच पिशवीत घातला. मी सासूला फोन नंबर दिला आणि दर आठवड्याला विचारत राहिले. गोळ्या घेते का. घेते. जेवते का. थोडं. बाळाला घेते का. नाही. बाळाला घेते का. कधी कधी.

तिसऱ्या महिन्यात तिचाच फोन आला, भर दुपारी, भांडायच्या आवाजात.

"आपा, तुम उस कू कैसी गोळियाँ दिये?"

"क्यों? क्या हुआ?"

"कल मेरे कू बोली, मछली में नमक मैं डालती, तुम हाथ नक्को लगाओ. आज बोली, बच्चे कू ऐसा नै पकड़ते. मैं सात बच्चे पकड़ी, आपा. सात."

"खाना खाती?"

"दो टाइम. मेरे से ज्यादा."

"गोळियाँ बंद नै करना. डॉक्टर बोले तब तक."

"तब तक ऐसेच लड़ेंगी?"

"उस के बाद भी लड़ेंगी," मी म्हटलं. "सून आहे."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मागून आवाज आला. चढा, जरा चिडलेला, त्यांच्या भाषेत.

"क्या बोल रई?" मी विचारलं.

"बोल रई, फोन रख, दूध उफन गया," सासू म्हणाली. "मेरे कू हुकुम दे रई, देखो." आणि तिनं फोन ठेवला.